खडूच्या रेघा

"चार वाजले की त्या घरातून बाहेर यायचं," लहानपणी बाबा बजावायचे. ते घर म्हणजे चर्चच्या फाटकापाशी राखणदारासाठी बांधलेली दगडी खोली. टोकदार कमानीचं दार, निमुळत्या खिडक्या. आजोबांनी आधी ती बांधली, मग चर्चचा मनोरा हाती घेतला आणि त्यावरून पडून गेले. मनोरा अर्धाच राहिला. आमच्यात कुणी त्यांचं नाव काढत नसे.

आता खोलीच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं, मीही गवंडीच. थकलेले बाबा हट्टाने सोबत आले.

"चार वाजत आले, बाबा. व्हा बाहेर!" मी चिडवलं.

"आज बसू दे गं."

उघड्या दारातून मनोऱ्याची सावली आत आली. फरशी ओलांडून ती समोरच्या भिंतीवर चढली, बारीक होत होत थेट आढ्याजवळ पोचली. मी बाहेर धावले. अर्ध्या मनोऱ्यावर, त्या सावलीचं टोक जिथे असायला हवं, तिथे नुसतं निळं आभाळ होतं.

आत बाबा शिडीवर उभे होते. सावलीच्या टोकाशी त्यांनी खडूने रेघ ओढली. तिच्याखाली, एकीवर एक चढत आलेल्या, तशाच कितीतरी जुन्या पुसट रेघा होत्या.

"आजोबा पडले नाहीत, पोरी," ते हळूच म्हणाले. "ते अजून बांधतायत."