पाचवी सही

सुवार्ताबाईंनी टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. "मास्तर, नगरपालिकेला अपक्ष उभी राहतेय. अर्जावर पाच सूचकांच्या सह्या लागतात, चार झाल्यात. आज तीनपर्यंतच मुदत आहे."

मी अर्जाकडे बघत राहिलो. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, पण कुणा पेशंटचा चहासुद्धा घेतला नाही. नगरसेवक व्हायला आणखी कसलं माणूस हवं होतं? पण आत्ताच्या नगरसेवकानं माझ्या मुलाला पाणीपुरवठ्यात चिकटवलं होतं, आणि सूचकांची नावं त्याच्या कानावर जायला तासही लागला नसता.

"बाई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन," मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, सलाम केला आणि गेल्या. पाचवी सही काही मिळाली नाही. तोच नगरसेवक पुन्हा बिनविरोध निवडून आला. फटाके आमच्या चर्चच्या फाटकासमोरच फुटले.

रविवारी उपासनेत प्रार्थना माझ्याकडे होती. वीस वर्षं माझ्याकडेच आहे. डोळे मिटले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "प्रभो, आमच्या शहराला तुझं भय धरणारा पुढारी दे."

मंडळी म्हणाली, "आमेन." सगळ्यांत मोठा आवाज तिसऱ्या बाकावरून आला. तो टोमणा असता तर मी सोसला असता. पण डोळे किलकिले करून पाहिलं, तर सुवार्ताबाई हात जोडून, डोळे घट्ट मिटून खरोखरच मागत होत्या.