मामाची सही

मुहूर्त नऊ वाजून दहा मिनिटांचा होता आणि मुलीचा मामा अजून फाटकाशी जीपमध्येच बसून होता.

आत ताडपत्रीच्या मांडवात अकरा माणसं उभी होती. प्रत्येकाच्या मुठीत हळदीचे तांदूळ. लढाईने वेढलेल्या आमच्या वन्नी भागात त्या महिन्यात तांदूळ मिळणं म्हणजे देव भेटणं, तरी अक्काने कुठून कुठून जमवले होते. सोनं कधीच विकून खाल्लेलं, म्हणून मंगळसूत्राऐवजी पिवळ्या दोऱ्यात नुसतं हळकुंड बांधलं होतं. नवरा म्हणायचा तो कंदप्पू मास्तर, त्रेचाळीस वर्षांचा विधुर. नवरी तुष्यंती, सतराची, अक्काची एकुलती एक. तिला गणित याच मास्तरांनी शिकवलेलं. दोघंही मान वर करायला तयार नव्हती.

असली लग्नं तेव्हा आमच्याकडे घरोघर लागत होती. सरकारी फौजेशी लढणाऱ्या चळवळीचा नियम होता, घरटी एक जण लढाईला. लग्न झालेल्यांना तेवढी सूट. बुडत्याला काडीचा आधार, तसे आम्ही पोरींना मिळेल तो नवरा बघत होतो.

शेवटी मामा आत आला. घरात तो तंबी, अक्काचा धाकटा भाऊ. बाहेर इनियवन, चळवळीचा त्या भागातला प्रमुख. गळ्यात विषाच्या कुपीची काळी दोरी, फौजेच्या हाती जिवंत लागलं तर कुपी चावायची. तुष्यंतीचे कान टोचले ते याच्याच मांडीवर बसवून, आणि ती रडली त्यापेक्षा हाच जास्त रडला होता. आज त्याच्या खिशात चार घड्यांचा एक कागद होता.

"आलास एकदाचा! धर, नारळ तूच फोड," अक्का म्हणाली. "मामाशिवाय लग्न लागतं का कुठे? आणि जीपमध्ये कोण बाई ती? तिलाही बोलाव. एवढ्या कडक तोंडाने नारळाकडे बघितलं तर तो आपोआप फुटेल."

मांडवात दोघं-तिघं हसली. बऱ्याच दिवसांनी कोणी हसत होतं.

"तामरै आहे ती. मुलींची तुकडी तिच्याकडे आहे." तंबीने नारळ घेतला नाही. "अक्का, दोरा बांधू नका."

"का रे?"

"उपयोग नाही. लग्नाची सूट गेली. काल रात्रीच हुकूम निघाला."

"काहीतरीच! कोणी काढला?"

त्याने कागद पुढे केला. अक्काने तो न उघडताच मास्तरांकडे दिला. मास्तरांनी चष्मा पुसला, सगळा मजकूर मनात वाचला, आणि शेवटची ओळ तेवढी मोठ्याने म्हणाले, "सही, इनियवन."

"आम्ही सगळे प्रमुख बसलो होतो," तंबी घाईने म्हणाला. "माणसं उरली नाहीत अक्का. माझ्या एकट्याच्या हातात..."

"सही कोणाच्या हातची आहे?"

तंबीने मास्तरांच्या हातातून कागद घेतला आणि पुन्हा घड्या घालायला लागला.

"कुंपणच शेत खायला लागलं," अक्का म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलत होती. "फाडून टाक तो कागद. नाहीतर म्हण, या घरात मुलगीच नव्हती."

"आठ दिवसांपूर्वी नागम्माची पोर मी स्वतः नेली. ती बघ, तिथे उभी आहे. आज तुझी सोडली तर उद्या कोणत्या तोंडाने कोणाच्या दारात उभा राहू?"

"कोणाच्याच नको राहूस रे."

सगळ्यांनी नागम्माकडे पाहिलं. तिला तोंड सोडायचा हक्क होता. पण ती पुढे आली आणि तिने मुठीतले तांदूळ ताटात परत ठेवले.

तुष्यंतीने केसांतला गजरा काढला. "मला परीक्षेला बसायचं होतं, मामा," ती म्हणाली. लग्न ठरल्यापासून तिला काय हवंय हे कोणी विचारलंच नव्हतं, आईनेसुद्धा नाही.

"पहिली आली असती," मास्तर म्हणाले आणि बायको गेली तेव्हा रडले नव्हते तेवढे रडले.

तामरै दाराशी येऊन उभी राहिली. घड्याळ बघत म्हणाली, "इनियवन, उशीर होतोय."

"तिला जेवू दे," अक्का म्हणाली. "पहाटेपासून उपाशी आहे. लग्नाचा उपास."

तामरैने इनियवनकडे पाहिलं आणि ती जीपमध्ये जाऊन बसली. एवढी माणुसकी त्या दिवशीही होती, खोटं कशाला बोलू.

अक्का ताट घेऊन सगळ्यांपुढे फिरली. एकेकाने मूठ उघडली. कोणाच्या घामाने तांदूळ हाताला चिकटले होते, ते तिने बोटाने सोडवून घेतले. मग चुलीशी जाऊन बसली.

अकरा मुठींचा भात दोघांपुरता झाला. भाची आणि मामा शेजारी शेजारी बसली. अक्काने दोन पानं मांडली, वाढताना दोन्हीकडे सारखंच वाढलं. तुष्यंती खाली मान घालून जेवायला लागली. मामाने पहिला घास उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि तो हातातच राहिला.

"खा रे तंबी," अक्का म्हणाली. "तांदूळ चारदा धुतलेत. हळद जात नाही."