अर्धा प्याला

नवरोज उलटल्यानंतरच्या एका शुक्रवारी, बुखारा शहरी, कादंबरीकार हमरोकुल यांच्या अंगणात जर्दाळूचा फुलोरा झोपेत चालल्यासारखा सावकाश गळत होता. त्याखाली बसून मुहय्यो ही विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाचा सिद्धान्त मांडत होती. वृद्ध लेखकाने मान डोलावली, तरच विद्यापीठ तो स्वीकारणार होते.

“उस्ताद, लेखक लपून लपून लपणार कुठं? तुमच्या एकूणएक कादंबऱ्यांत पाहुण्याला चहा अर्धा प्यालाच ओततात. भरला प्याला म्हणजे ‘उठा आता’; तो तुम्ही एकदाही लिहिला नाहीत. माणूस निघून जाईल, या धास्तीत तुम्ही जन्म काढलात!”

हमरोकुल खो खो हसले. “धास्ती? अगं, घरात सहा पोरं आणि बारमाही पाहुणे. कुणीतरी जावं म्हणून मी नवस बोलायचो!”

“मग अर्धा प्याला कशासाठी?”

“बुखाऱ्यात घरोघरी अर्धाच ओततात, पोरी. लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नसेल.”  मग हळूच म्हणाले, “तू कुणाकडं वाढलीस?”

“मामांकडं.”

एवढे बोलताना तिला मामांचे घर आठवले. शाळेतून घरी आली की मामी चकार शब्द न काढता तिचा प्याला काठोकाठ भरत असे. फुले गळत राहिली.

“सिद्धान्त तुझा खराच आहे,” उस्ताद म्हणाले. “तेवढं माझं नाव खोड.”