आठ सेकंदांचं कुलूप

"वाकवलेली तार आत घालायची, डावीकडे दाबायची, आणि हे बघा."

कुलूप उघडलं. मोजून आठ सेकंद.

"अहो, तुमचा हात आड येतोय," मोबाइल धरलेली बायको म्हणाली. "पुन्हा करा. जरा सावकाश."

कुलूपवाल्याने पुन्हा केलं. हा त्याचा दुसरा व्हिडिओ. पहिल्यात त्याने वडिलांनी बनवलेलं जुनं दाराचं कुलूप चुटकीसरशी उघडलं होतं. मग स्वतःच्या नव्या कुलपाशी त्याच तारेने दहा मिनिटं झटून हार मानली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चार दिवसांत साठ हजार लोकांनी तो पाहिला. वर्षभर माश्या मारत बसलेल्या दुकानापुढे रांग लागली. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात म्हणतात, इथे तर माल खरोखरच चांगला होता. व्हिडिओखाली लोकांची एकच तक्रार होती. तार नीट दिसली नाही, हळू करून दाखवा. गिऱ्हाईक म्हणजे देव, तेव्हा देवाचं ऐकणं भाग होतं.

वडील आजच लेकीकडून परत आले होते. सुनेने कौतुकाने त्यांना पहिला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि कानशींच्या बाकावर जाऊन गप्प बसले. मुलाला ते बोचलं. दुकान चालायलाच हवं होतं, नाहीतर सहा महिन्यांत कायमचं शटर ओढायची वेळ आली असती. पण म्हणून बापाच्या हातच्या कामाची चारचौघांत शोभा करायची? दुसरा व्हिडिओ टाकण्याआधी एकदा बोलून घ्यावं, म्हणून तो त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका. त्या काळी ही खोट कुणाला कळली असती?"

"मला कळली होती," वडील म्हणाले. "विकायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी."

"दुसऱ्याच वर्षी?" मुलाने विचारलं.

"तोवर तीनशे दारांना ती कुलपं बसली होती. मग एकेक घर गाठलं. सुट्टीच्या दिवशी जायचं, माणसांना खरं काय ते सांगायचं, कुलूप खोलून आतली पट्टी बदलायची. कुणी शिव्या दिल्या, कुणी चहा दिला. दुकान तुझ्या हाती दिलं, तरी ते काम मी सोडलं नाही. काही घरांचा पत्ताच लागेना, काही दारं कायम बंद."

"किती राहिलीत?"

"चौदा."

बायकोने मोबाइल खाली ठेवला. मुलाला वडिलांचा रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली. यातलं आधी काय आणि नंतर काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाबा. एका शब्दाने तरी."

"तुला सांगायचा धीर झाला नाही, ती माझी चूक," वडील म्हणाले. "पण ज्यांची दारं, त्यांना मी एकेकाला सांगत होतो. तू सगळ्यांना एकदम सांगितलंस."