मंगळावरची तिशी

सार्वमतात मंगळ स्वतंत्र झाला, तर शकूताईंचा निव्वळ नफा सव्वीस वर्षांचा होता. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट. स्वतंत्र मंगळाच्या नव्या दप्तरात वयं मंगळाच्या वर्षांत मोजली जाणार, म्हणजे छप्पन्नच्या शकूताई तिशीत येणार होत्या. हळदीकुंकवाला जमलेल्या साऱ्या बायका त्यांनी याच हिशेबावर स्वातंत्र्याकडे वळवल्या होत्या.

मतदानाच्या सकाळी त्यांचे यजमान अच्युतराव चहा भुरकत म्हणाले, "अहो तिशीतल्या बाई, माझी निवृत्ती साठीलाच ना?"

"मग?"

"मी एकतिसाचा होईन. उरली एकोणतीस. म्हणजे पृथ्वीची पंचावन्न."

शकूताईंना पंचावन्न वर्षांचे डबे दिसले, रोज पहाटे उठून भरायचे. पदर खोचून त्या घरोघर निघाल्या.

संध्याकाळी स्वातंत्र्य शंभर मतांनी पडलं. अच्युतराव दोन वर्षांत घरी बसणार होते, आणि त्यापायी शकूताई पुन्हा छप्पन्नच्या झाल्या होत्या.