तापट रबराला शांत लाकूड

बाबांनी टेबल टेनिसच्या बॅटचं ब्लेड, म्हणजे रबर चिकटवण्याआधीची नुसती फळी, कानाजवळ धरलं; ते कार्बनचा थर असलेलं, काळं होतं. त्यांनी ते नीट न्याहाळलं आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. आवाज खणखणीत आला. पक्कं मडकं पारखून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला.

"हेच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "रबर माझ्याकडे आहे."

ते रबर कसलं आहे हे लेकीला ठाऊक होतं. नुसता टेकला तरी चेंडू उडवणारं, हौसेने आणलेलं. त्यावर हे ताठ ब्लेड म्हणजे आगीत तेल. तिने शेजारचं साधं, निव्वळ लाकडाचं ब्लेड पुढे सरकवलं. ते थोडं लवचीक होतं. बाबांनी त्यावरही टकटक केली. आवाज दबका आला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

दुकानदाराने विचारलं, काकांचा खेळ कसा आहे?

"आक्रमक," बाबा म्हणाले.

"बॅट धरून उभे राहतात," लेक म्हणाली.

दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला की तापट रबराला शांत लाकूड द्यावं, दोघंही तापट निघाली तर घर चालत नाही. बाबांनी सांगितलं, आमच्या घरात दोघंही तापट आहेत आणि उत्तम चाललंय. लेकीला खोकला आला.

रविवारी व्याह्यांशी सामना होता. लेकीच्या लग्नापासून दर रविवारी असायचा आणि बाबा अजून एकदाही जिंकले नव्हते. हरण्याचं त्यांना तितकंसं वाटत नसे. जिंकल्यावर व्याही जे बोलत, ते मात्र सोसत नसे. आज दिवा तुमच्या डोळ्यांवर येत होता, म्हणत. टेबल दमट झालंय, म्हणत. एकदा तर चेंडूच लांबट असल्याची शंका त्यांनी काढली होती. इतक्या सभ्यपणे कोणी कोणाला हरवू नये. एकदा, फक्त एकदा, आपण जिंकावं आणि व्याह्यांना असंच एखादं कारण शोधून द्यावं, एवढीच बाबांची इच्छा होती. कारणही त्यांनी ठरवून ठेवलं होतं: पंख्याचा वारा.

"तू तर रोज त्यांच्याशी खेळतेस," आवाज खाली आणून ते लेकीला म्हणाले. "त्यांची ती सर्व्हिस कशी परतवायची, तेवढं सांग."

"ते नाही सांगणार."

"बाप आहे मी तुझा."

"म्हणून तर ब्लेड निवडायला आलेय. चुगली करायला नाही."

बाबांनी रागाने काळं ब्लेड काखेत मारलं. दुकानदाराने बजावलं, एकदा रबर चिकटवलं की परत घेणार नाही. लेक म्हणाली, मग आधी खेळून बघू. ती एका कारखान्यात दोरांची ताकद तपासायची आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा तिचा नेम होता. तिने चाचणीच्या दोन बॅटी मागून घेतल्या. दोन्हींवर बाबांचं होतं तेच रबर. फरक फक्त आतल्या लाकडाचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल होतं. भिंतीला बुटांची खोकी रचलेली. बाबांनी काळी बॅट घेतली, चेंडू ओठांजवळ नेऊन त्यावर फुंकर मारली, एक डोळा बारीक करून नेम धरला आणि सर्व्हिस केली. हे सगळं ते प्रत्येक सर्व्हिसला करत. चेंडूवर धूळ असो वा नसो.

मग लेकीची पाळी आली. तिने मान किंचित तिरकी केली, पाय हलकेच आपटला आणि मनगटाला झटका दिला. चेंडू जाळी जेमतेम ओलांडून सरपटत आला आणि बाबांच्या डाव्या कोपऱ्यात वळला. बाबांनी मारला तो थेट खोक्यांवर. तिने पुन्हा तशीच सर्व्हिस केली. पुन्हा खोकी.

"अगं, जरा नीट..." बाबा म्हणाले आणि थांबले.

ती तिरकी मान. तो पाय. तो झटका. दर रविवारी ते हेच जाळीपलीकडे पाहत आले होते.

लेकीचा चेहरा कोरा होता.

बाबांनी काळी बॅट खाली ठेवली आणि दुसरी घेतली. पुन्हा पाय आपटला, पुन्हा चेंडू वळला. या वेळी तो बॅटवर क्षणभर टेकल्यासारखा वाटला आणि जाळीपलीकडे अलगद उतरला. पुढचाही तसाच. त्यानंतरचा त्यांनी लांबच्या कोपऱ्यात असा ठेवला की लेकीची बॅट पोहोचलीच नाही.

"हेच द्या," बाबा म्हणाले.

दुकानदार साध्या ब्लेडला गोंद लावायला बसला. बाबा लेकीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"चुगली करणार नव्हतीस ना?"

"मी एक शब्द तरी बोलले का?"

बाबा खुदकन हसले. रविवारी पंखा जोरात लावून ठेव, असं त्यांनी तिला सांगूनही टाकलं. त्यांची खुशी पाहून दुकानदारही मान न उचलता बोलला, ताईंची पद्धतच बरी. परवा सासऱ्यांना घेऊन आल्या होत्या, तेव्हाही आधी अशाच खेळल्या, मगच ब्लेड घेतलं.

बाबांचं हसू तिथेच राहिलं.

"अशाच म्हणजे?" त्यांनी लेकीला विचारलं. "त्यांच्यासमोर कोणाची सर्व्हिस केलीस?"

लेकीने टेबलावरचा चेंडू उचलला, ओठांजवळ नेला, एक डोळा बारीक केला आणि त्यावर नसलेली धूळ फुंकरली.