माहेरचं नाव

मॅडम आधीच डावीकडच्या सीटवर बसल्या होत्या. पट्टे आवळलेले, हात मांडीवर, नजर सरळ समोर. आप्पांनी "नमस्कार" म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

झालं! म्हणजे आज गय नाही.

आदल्या दिवशी ऑफिसातून फोन आला होता. "आप्पा, उद्या तुमची तपासणी आहे बरं का, नव्या मॅडमबरोबर." एवढं बोलून ड्यूटीवरच्या माणसानं फोन ठेवला आणि आप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. कंपनी विकली गेल्यापासून जुनी सगळी पदं खालसा झाली होती. पन्नाशीपुढच्या वैमानिकांची एकेक करून तपासणी होणार आणि त्यांना घरी धाडणार, अशी कुजबुज हँगरभर होती. आप्पांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर हेलिकॉप्टरनं माणसं नेणं आणि परत आणणं, यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

शेजारची बाई नेमकी कुठल्या हुद्द्याची, हे शर्टावरून कळायची सोय नव्हती. नव्या कंपनीनं खांद्यावरच्या पट्ट्याच काढून टाकल्या होत्या. सगळे सारखे म्हणे! मोठ्या साहेबापासून कालच्या नवख्यापर्यंत एकच निळा शर्ट आणि छातीवर कंपनीचं ठसठशीत नवं नाव. हेलिकॉप्टरच्या शेपटीवरही तेच रंगवलं होतं. त्याच्याखालचं जुनं नाव मात्र उन्हात अजून पुसट दिसायचं.

"जाताना कोण चालवणार, मॅडम?"

"तुम्ही म्हणाल तसं."

बघा! उत्तर आपल्याच तोंडून काढून घ्यायचं. परीक्षा घेणाऱ्यांची ही रीत आप्पांना चांगली ठाऊक होती.

"जाताना मी, येताना तुम्ही," ते म्हणाले.

मागे केशरी सूट घातलेले कामगार बसले, दार लागलं, हेलिकॉप्टर उठलं. हवा स्वच्छ होती आणि आप्पांचा हात नेहमीसारखा चालत होता. रेडिओवर बोलायचं काम मॅडमकडे होतं. पण रिग दिसायला लागली आणि सवयीनं आप्पांनीच बटण दाबलं. उतरायची परवानगी मागितली ती जुन्या कंपनीच्या नावानं.

रिगवरचा रेडिओवाला खो खो हसला. "आप्पा, ते माहेर सुटलं की तुमचं! आता सासरचं नाव घ्या."

मॅडमनी घाईघाईनं नव्या नावानं निरोप पुन्हा दिला. आप्पांकडे पाहिलंसुद्धा नाही. रागावल्या असत्या तर बरं, असं आप्पांना वाटलं. एवढ्या वर्षांची नोकरी एका शब्दापायी गेली.

रिगवर उतरले तरी खाली उतरायची सोय नव्हती. माणसांची चढउतार होईपर्यंत वर पंखा फिरतच राहतो आणि वैमानिकांनी जागेवर बसायचं. डेकवरचा एकजण वाकून आला आणि झाकणाचे दोन कॉफीचे पेले देऊन गेला. आप्पांनी एक घोट घेतला. गेलेलीच आहे नोकरी, तर मनातलं तरी बोलून घेऊ.

"मॅडम, एक सांगू? ते नाव उगाच नाही तोंडात येत. मध्ये तेलाचा भाव पडला, उड्डाणं निम्म्यावर आली, तरी जुन्या मालकांनी एकालाही घरी बसवलं नाही. माझी मुलगी तेव्हा दवाखान्यात होती. मी न मागता त्यांनी माझ्या जागी दुसरा माणूस पाठवला आणि म्हणाले, जा, पोरीजवळ बस. आज ती आपल्या पायांवर चालते. त्या घरचं मीठ खाल्लंय मी."

मॅडम टक लावून ऐकत होत्या.

"नव्यांनाही नावं ठेवणार नाही. पूर्वी दुसऱ्यानं काढलेला, घामानं ओला उड्डाणाचा सूट अंगात चढवावा लागायचा. आता प्रत्येकाला स्वतःचा आहे. पाठ टेकायला खोली आहे. एकच गोष्ट खटकते. शेजारी शेजारी बसून एकच समुद्र ओलांडायचा आणि पगार मात्र कोण कुठल्या कंपनीतून आला त्यावर. तेवढं वर सांगा."

"मी?" मॅडम दचकल्या. "माझं कोण ऐकणार?"

आप्पांना हसू आलं. मोठ्या खुर्चीतली माणसं हमखास असंच म्हणतात.

परतीला मॅडमनी चालवलं. किनाऱ्यावर आडवं वारं सुटलं होतं, पण त्यांनी हेलिकॉप्टर असं अलगद टेकवलं की मागे झोपलेल्यांना उठवावं लागलं. आप्पांनी मनोमन दाद दिली. अशा हातांनी नापास केलं तरी त्यात कमीपणा नव्हता.

कामगार उतरून गेले. इंजिन बंद झालं, पंखा थांबला. आप्पांनी हेडफोन काढला. रात्रभर जी धास्ती होती ती आता उरली नव्हती. आत नुसतं भरून आलं होतं. या कामानं घर चालवलं, पोरीला उभं केलं. ते कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"मॅडम, निकाल काय लागायचा तो लागो. इतकी वर्षं मला उडायला मिळालं, माझी काही तक्रार नाही. तुमचेही आभार."

मॅडमनी घामेजलेले तळवे नव्या शर्टाला पुसले.

"माझे आभार कसले, सर? सकाळपासून धास्ती तर मलाच आहे. ऑफिसात मला सांगितलं, आजपासून कंपनीचे परीक्षक तुम्ही आणि पहिलीच तपासणी माझी. आता ताणू नका ना. मी पास झाले का?"